टाळेबंदी उठली, दारे कोणी उघडली?

(श्रीपूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर येथील नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रीपूरच्या माणसाचे वर्ष दोन हंगामांनी मोजले जाते. एक गळिताचा आणि दुसरा आषाढीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उसाने भरून रस्त्यावर येतात, शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात जगद्गुरू तुकोबारायांची पालखी अकलूज सोडते आणि माळीनगर, श्रीपूर करीत बोरगावच्या मुक्कामाला पोहोचते. एका हंगामात घामाचे माणूस येते, दुसऱ्यात नामाचे. दोन्ही वेळा गावाची दारे उघडी असतात.

या गावाचा जन्मच बाहेरून येणाऱ्या माणसांच्या भरवशावर झाला. १९३२ साली माळीनगरला ‘सासवड माळी शुगर’ची स्थापना झाली आणि १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी ‘बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट’ स्थापन केली. त्या उद्योगाने श्रीपूरचे नाव महाराष्ट्राच्या नकाशावर आणले. पुढे ‘पांडुरंग’ सहकारी साखर कारखान्याने ती ओळख दृढ केली. शेतकरी, तंत्रज्ञ, मजूर, वाहनचालक, व्यापारी असे नाना ठिकाणांहून आलेले लोक येथे एकत्र नांदले. अशा गावाला माणसाने माणसाजवळ जाऊ नये असे सांगणारा रोग आला, तेव्हा त्याने गावाच्या वर्मावरच घाव घातला. त्या घावातून गाव कसे सावरले, गावाची दारे पुन्हा कोणाच्या हातांनी उघडली आणि कोणती दारे अजून लोटलेलीच आहेत, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

बंद होण्याचे दिवस

१७ मार्च २०२० रोजी पंढरीच्या श्रीविठ्ठल मंदिराचे दर्शन भाविकांसाठी बंद झाले. २५ मार्चपासून सारा देश थांबला. गळीत हंगाम उतरणीला लागला होता, पण संपला नव्हता. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली मजुरांची कुटुंबे राज्यभरच्या कारखान्यांच्या परिसरात अडकून पडली. तोड संपली तरी गावाकडे जाता येईना. म्हाताऱ्यांचा जीव मुलांत आणि मुलांचा जीव गावाकडच्या म्हाताऱ्यांत. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने तपासणी करून या मजुरांना घरी सोडण्याचा निर्णय घेतला. त्यांची संख्या सुमारे १ लाख ३१ हजार होती. साखरेच्या गोडव्यामागे केवढा समाज उघड्यावर संसार करतो, हे त्या आकड्याने महाराष्ट्राला दाखवून दिले.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला सुधाकरपंत परिचारक यांचे कोरोनाने पुण्यात निधन झाले. पंढरपूरचे अनेक वर्षांचे आमदार, एस. टी. महामंडळाचे माजी अध्यक्ष आणि ‘पांडुरंग’ परिवाराचा आधारवड अशी त्यांची ओळख. ज्यांच्या अंत्ययात्रेला सारा तालुका लोटला असता, त्यांना दुरूनच हात जोडावे लागले. असे निरोप असंख्य घरांनी घेतले. खांदा द्यायला चार माणसे मिळू नयेत, ही वेदना मृत्यूहून मोठी होती. शोक व्यक्त करण्याचा अधिकारही रोगाने हिरावून घेतला होता.

वारी थांबली, धर्म थांबला नाही

ज्येष्ठ-आषाढ आला आणि रस्ता रिकामाच राहिला. टाळ नाही, मृदंग नाही, तुळशीवृंदावन डोईवर घेतलेली माउली नाही. मानाच्या पालख्यांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीला गेल्या. १ जुलै २०२० ची आषाढी तशी झाली आणि २० जुलै २०२१ ची आषाढीही तशीच झाली. ज्या घरांनी वारकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या भाकरी वाढली, त्यांच्या चुली त्या दिवशी स्वतःपुरत्याच पेटल्या.

काहींनी तेव्हा विचारले, देवाच्या वाटेवर असा खंड पडू द्यावा का? याचे उत्तर वारकऱ्यांनी आपल्या वागण्याने दिले. लक्षावधी माणसे ज्या गावांतून चालत जातात, त्या गावांत रोग पेरीत जाणे हा धर्म होऊ शकत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. वारी ही मुळात शिस्तीची शाळा आहे. दिंडीला क्रमांक असतो, चोपदाराच्या इशाऱ्यावर हजारोंचा घोष क्षणात थांबतो. थांबायचे कधी हे ज्याला कळते, त्यालाच चालण्याचा अधिकार असतो. ‘आम्ही थांबू’ असे म्हणणारा श्रद्धावान समाज मागासलेला नसतो, जबाबदार असतो.

मात्र या जबाबदारीची कदर शासनाने तितक्याच आदराने केली काय, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. मे २०२० मध्ये मद्याची दुकाने उघडू लागली. ५ ऑक्टोबरला उपाहारगृहे आणि मद्यालये सुरू झाली. मंदिरांची दारे मात्र १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. महसुलाला घाई आणि श्रद्धेला प्रतीक्षा हा क्रम समाजाला खुपला. मंदिराच्या दारावर फूल, बुक्का, प्रसाद विकून जगणाऱ्या कुटुंबांचे पोटही त्या दाराशी बांधलेले असते, याचा विसर पडला होता. समाजाने आवाज उठवला, पण बहुसंख्यांनी नियम मोडून दारे ढकलली नाहीत. मागणी ठाम आणि वर्तन संयमी, असा तो काळ होता.

गाफीलपणाचे मोल

पहिली लाट ओसरली आणि सर्वांना वाटले, संपले. लग्ने धडाक्यात लागू लागली, प्रचारसभा भरल्या, नाकावरचा मास्क हनुवटीवर आला. एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसरी लाट आली ती खेड्यांत घुसली. मे २०२१ मध्ये सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी एका व्याख्यानमालेत परखडपणे सांगितले की, पहिल्या लाटेनंतर जनता, शासन आणि प्रशासन असे सगळेच गाफील राहिले. या विधानात कोणालाही सूट नव्हती, म्हणून ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. दोष केवळ मुंबई-दिल्लीवर ढकलून कोणत्याही गावाला मोकळे होता येत नाही.

त्या दिवसांत प्राणवायू हा शब्द पोथीतून निघून रुग्णालयाच्या दारात आला. तेव्हा कळंब तालुक्यातील चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून वैद्यकीय प्राणवायूची निर्मिती केली. साखर कारखाना हा केवळ उसाचा भाव देणारा उंबरठा नाही, संकटात तो समाजाचे फुप्फुसही होऊ शकतो, हे त्या प्रयोगाने दाखवले. सोलापूर जिल्ह्यातलीच आणखी दोन गावे त्या वेळी राज्याच्या नजरेत भरली. मोहोळ तालुक्यातील घाटणे आणि दक्षिण सोलापुरातील अंत्रोळी या गावांच्या तरुण सरपंचांचा मुख्यमंत्र्यांनी मे २०२१ च्या अखेरीस हिवरे बाजारच्या पोपटराव पवार यांच्या बरोबरीने जाहीर गौरव केला. गाव रोगमुक्त ठेवायचे ते गावानेच, हा त्या गौरवाचा मथितार्थ होता.

दहा माणसांची कुपी

लसीकडे वळावे. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरणास प्रारंभ झाला. १ मार्चपासून साठ वर्षांवरील ज्येष्ठ व व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीवरील सर्व, १ मेपासून अठरा वर्षांवरील, असा तो क्रम होता. कोविशील्ड पुण्याच्या सीरम संस्थेत तयार झाली. कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकची, पण तिच्यासाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केला होता. एके काळी परदेशातून लस येईपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहणारा देश या वेळी स्वतःच्या प्रयोगशाळेच्या बळावर उभा राहिला, याचा अभिमान बाळगावा.

परंतु लस तयार होणे आणि लस दंडात जाणे यांत मोठे अंतर असते. पुण्याहून निघालेली शीतपेटी दोन ते आठ अंश तापमानात तालुक्याला पोहोचवता येते. मनातल्या भीतीला शीतपेटी नसते. लस घेतली की ताप येतो, दोन दिवसांची हजेरी बुडते, ती कोण भरून देणार? रोजंदारीवर जगणाऱ्या स्त्रीचा हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, हिशेबाचा होता. त्यातच भ्रमणध्वनीवरून अफवांचे पीक आले. मासिक पाळीच्या मागेपुढे पाच दिवस लस घेऊ नये, असा एक संदेश घरोघर फिरला. केंद्र शासनाने तो खोटा असल्याचे स्पष्ट केले, पण खुलासा अफवेच्या मागून लंगडत येतो.

नोंदणीची तऱ्हा आणखी वेगळी. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी सुरुवातीला ‘कोविन’वर वेळ आरक्षित करणे सक्तीचे होते. ज्याच्या बोटात वेग, त्याला लस. शहरातील तरुण मोटारी घेऊन खेड्यांतील केंद्रांवर येत आणि त्या गावचा शेतमजूर कुंपणाबाहेरून पाहत राही, असे दृश्य राज्यात अनेक ठिकाणी दिसले. २१ जूनपासून केंद्राने सर्व प्रौढांना मोफत लस देण्याचे धोरण स्वीकारले आणि थेट केंद्रावर नोंदणी खुली झाली, तेव्हा कोठे ही विषमता कमी होऊ लागली.

या साऱ्या व्यवस्थेत एक लहानशी गोष्ट फार बोलकी होती. कोविशील्डच्या एका कुपीत दहा जणांची लस असे आणि कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे. सात माणसे आली तर तिघांची लस वाया जाण्याची धास्ती. म्हणजे परिचारिकेने कुपी उघडण्याआधी कोणीतरी दहा माणसे जमवायला हवीत. आदेशाने दहा माणसे जमत नाहीत. त्यासाठी वस्तीवर जावे लागते, ओसरीवर बसावे लागते, ‘आजी, मी घेतली, मला काही झाले नाही’ असे सांगावे लागते. म्हाताऱ्याला दुचाकीवर मागे बसवून न्यावे आणि परत आणावे लागते. एका कुपीमागे दहा माणसांचा विश्वास, हाच संघटनेचा पहिला पाठ आहे.

हे काम कोणी केले? सर्वांत आधी आशा सेविकांनी. त्या त्याच गावच्या सुना आणि लेकी. कोणाच्या घरात मधुमेही आहे, कोण गरोदर आहे, कोणाचा मुलगा पुण्याहून परतला आहे, हे त्यांना वहीत पाहावे लागत नव्हते. जून २०२१ मध्ये राज्यातील आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले, ही समाजाच्या दृष्टीने भूषणावह गोष्ट नव्हे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने सन्मान केला. जगाने नमस्कार केला त्या स्त्रीला गावातल्या सभेत पहिल्या रांगेत खुर्ची मिळते का, हे पाहण्यासारखे आहे.

त्यांच्या पाठीशी सेवाकार्याची परंपरा होती. २६ एप्रिल २०२० च्या आपल्या बौद्धिकातून सरसंघचालकांनी सेवा करताना भेद करू नका, सारा समाज आपला आहे, असे आवाहन केले होते. १९७२ च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या जनकल्याण समितीसारख्या संस्थांनी हाच संस्कार पन्नास वर्षे जपला आहे. सेवेत आकडेवारीची फुशारकी नको. ज्याच्या दारात शिधा पोहोचला त्याला देणाऱ्याचे नाव माहीत नसणे, हीच त्या सेवेची पावती होय.

ऊसतोड मजुरांपुढे वेगळाच पेच होता. मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर बारा ते सोळा आठवडे झाले. पहिली मात्रा बीडच्या गावात घेतलेला मजूर दुसऱ्या मात्रेच्या दिवशी माळशिरसच्या फडात कोयता चालवीत असणार. गावचे केंद्र त्याला शोधणार गावात आणि तो असणार कोपीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ आणि नोव्हेंबरपासून केंद्राने ‘हर घर दस्तक’ हाती घेतले. ज्यांना घरच नाही, त्यांच्यापर्यंत ही दस्तक न्यायची तर मुकादम, चिटबॉय आणि आरोग्यसेवक यांनी मिळून फडाच्या बांधावर जावे लागते. कर्णाचे कवच जन्मजात होते, मजुराचे कवच समाजाने पोहोचवायचे असते.

सारे उघडले, पाच तालुके बंद

ऑगस्ट २०२१ मध्ये या भागाच्या धीराची खरी कसोटी लागली. १५ ऑगस्टपासून राज्यात निर्बंध सैल होत होते. शहरांतील दुकाने रात्री दहापर्यंत उघडी राहणार होती. नेमक्या त्याच वेळी, १३ ऑगस्टपासून, सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर, माळशिरस, माढा, करमाळा आणि सांगोला या पाच तालुक्यांत रुग्णवाढीमुळे कडक निर्बंध लागू झाले. व्यापारी संतापले, पंढरपुरात विरोध झाला. त्यांचा राग समजण्यासारखा होता. कर्जाचा हप्ता रुग्णसंख्या पाहून थांबत नाही, आणि सणाचा माल गोदामात पडून राहिला तर दुकानदाराचे वर्ष वाया जाते.

तरीही त्या दिवसांनी एक धडा दिला. तोवर ‘उघडणे’ ही शासनाने द्यायची सवलत वाटत होती. शेजारचा तालुका उघडा आणि आपला बंद, असे झाले तेव्हा कळले की कुलूप मुंबईत लागत असले तरी त्याची किल्ली गावातल्या वर्तनात आहे. तपासणी टाळणारा एक, घरीच दुखणे काढणारा दुसरा आणि लसीला नकार देणारा तिसरा, असे तिघे मिळून तीनशे जणांच्या दुकानांना टाळे लावू शकतात. स्वातंत्र्य व्यक्तीचे असते, पण रोग सामुदायिक असतो.

त्यानंतर दारे एकेक करून उघडली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या मुहूर्तावर मंदिरे उघडली आणि महाळुंगच्या यमाईपासून पंढरीच्या विठोबापर्यंत भाविकांची पावले वळली. २१ ऑक्टोबरला देशाने लसींच्या शंभर कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला. महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये झाली. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्य निर्बंधमुक्त झाले आणि विठ्ठलाच्या पायांवर पुन्हा डोके ठेवता आले. दोन वर्षे दुरून हात जोडणाऱ्यांना त्या स्पर्शाचे मोल वेगळे सांगावे लागले नाही. १७ जुलैला देशाने दोनशे कोटी मात्रांचा टप्पा गाठला. त्याच्या आठवडाभर आधी, १० जुलैच्या आषाढीला, वारी पुन्हा आपल्या पायांनी पंढरीला पोहोचली होती. श्रीपूरच्या रस्त्यावर टाळ वाजला, तो या गावाच्या मोकळेपणाचा खरा दाखला होता.

लोटलेली दारे

पण श्रोतेहो, सगळी दारे उघडली असे म्हणता येईल काय?

जून २०२० मध्ये पहिलीत गेलेल्या मुलाचा विचार करावा. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झाले. म्हणजे ते मूल शाळेचा फळा प्रथम पाहते तेव्हा कागदोपत्री दुसरीत असते. अक्षर गिरवण्याचे वय भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर, आणि पुष्कळ घरांत त्या पडद्याविनाच गेले. ही पिढी आता माध्यमिक शाळेत आहे. तिच्या वाचनातील कच्चेपणाला आळस म्हणून मोकळे होणे अन्याय्य ठरेल. गावातील निवृत्त शिक्षक, पदवीधर तरुण यांनी संध्याकाळचा एक तास दिला, तर शासनाच्या योजनेची वाट पाहावी लागणार नाही.

दुसरे दार कोरोनाने वैधव्य आलेल्या भगिनींचे आहे. शासनाने वारसांना पन्नास हजार रुपये दिले, आई-वडील दोघेही गमावलेल्या बालकांच्या नावे ठेवी ठेवल्या. ते आवश्यक होते. पण तिशीतल्या स्त्रीच्या हातातील बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, तिला हळदीकुंकवातून वगळणे, याची भरपाई कोणत्या खात्यातून मिळणार? याच सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी या प्रथेविरुद्ध मोहीम उभारली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने अन्य ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. हिंदू समाजाचे सामर्थ्य आत्मशुद्धीत आहे. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेल्या, त्या वारशाचे नाव घ्यायचे तर विधवेच्या कपाळाचे कुंकू ही समाजाची जबाबदारी ठरते. ज्या गावाने पालखीसाठी दार उघडले, त्याने हळदीकुंकवाच्या दिवशी या भगिनीसाठीही उघडावे.

तिसरे दार स्मरणाचे आहे. प्लेग, पटकी, देवी यांचे अनुभव जुन्या पिढीने गोष्टींत जपले, म्हणून ‘देवी डॉक्टर’ गावात आला की आजी नातवंडांना पुढे करी. नवे संकट येईल तेव्हा हाताशी काय असेल? कोणत्या वस्तीवर किती वृद्ध, कोणाला कोणती व्याधी, वाहन कोणाकडे, रक्तगट कोणाचा कोणता, कोणाच्या शब्दाला वस्तीत मान, याची अद्ययावत वही नगरपंचायत, शाळा आणि मंडळे यांनी मिळून ठेवावी. दहा माणसांची कुपी उघडायला दहा माणसे कोठे भेटतील, हे आधीच ठाऊक असावे. दुसरी लाट आली ती विषाणूबरोबर विस्मरणाच्याही पाठीवर बसून आली होती.

शासन टाळे लावू शकते आणि काढूही शकते. पण दार उघडते ते आतल्या माणसाच्या हाताने. तो हात आशा सेविकेचा होता, वाट सोडून थांबलेल्या वारकऱ्याचा होता, आजीला केंद्रावर नेणाऱ्या तरुणाचा होता. तोच हात आता मागे पडलेल्या मुलाच्या पाटीवर आणि त्या एकाकी भगिनीच्या उंबरठ्यावर पोहोचावा. येत्या आषाढीला पालखी श्रीपुरातून जाईल, तेव्हा पंगतीत वाढायला उभ्या राहिलेल्या स्त्रियांत ती भगिनीही असावी, एवढे जरी या गावाने मनावर घेतले तरी टाळेबंदी खऱ्या अर्थाने उठली असे म्हणता येईल.

भारत माता की जय!